समुपदेशक मुलीचा काका

नव्या राज्याची राजधानी आमच्या रायपुरात आली आणि सगळ्या शहराला कामं लागली. मी त्याच सुमारास निवृत्त झालो. मला काही सुचेनासं झालं. दाढीला साबण लावायचो आणि तसाच बसून राहायचो. फेस गालावर वाळायचा.

बायको म्हणाली, "काहून असे बसून राहिले? कोणाले तरी दाखवा ना."

मन कुणाला दाखवायचं? तेही तिनंच शोधलं. चौबे कॉलोनीत एक तरुण समुपदेशक आली होती, नागपूरची, मराठी. "मनातलं बोलाले आपलंच माणूस पायजे," बायको म्हणाली. मलाही पटलं, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

परमुलखात दोन मराठी माणसं भेटली की आधी गाव निघतं, मग आडनाव, मग सोयरीक. पहिली भेट त्यातच संपली. ती माझ्या मावसबहिणीच्या जावेची भाची निघाली. "अय्या, म्हणजे तुम्ही माझे काकाच!"

झालं. आता काकानं पुतणीपुढे रडायचं कसं? दुसऱ्या खेपेला बायकोनं दिलेल्या चकल्यांचा डबा घेऊन गेलो. तिला एक स्थळ सांगून आलं होतं, त्यावर तिनं माझं मत विचारलं. मी दिलंही, सविस्तर. तिला चार विनोद सांगून हसवलं आणि फी देऊन घरी आलो.

तिसऱ्या खेपेला धीर केला. म्हटलं, "सकाळी उठावंसंच वाटत नाही मला. कशासाठी उठू?"

ती हसली. "तुम्ही, काका? तुम्ही तर आम्हाला हसवता! सकाळी फिरायला जात जा."

मी रिकामा डबा घेऊन परत आलो.

त्या वर्षी गणपतीच्या मांडवात ज्याला त्याला सांगत सुटलो, "समुपदेशन म्हणजे थोतांड. त्या पोट्टीले काही येत नाही." आमची मंडळी माझं ऐकायची. तिच्याकडे जाणं त्यांनी सोडलं. पुढं ती नागपूरला परत गेली. लग्नाची पत्रिका मात्र आठवणीनं पाठवली, "ती. काकांस" म्हणून.

म्हणून हे लिहितोय. त्या दिवशी तिनं माझं ऐकलं नाही, हे खरं. पण तोवर मी तिच्यासमोर आजारी माणूस म्हणून बसलोच नव्हतो, काका म्हणून बसलो होतो. हे मांडवात कुणाला सांगितलं नाही.

नंतर एका हिंदी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाव विचारलं नाही. मी म्हणालो, "सुबह उठने का मन नहीं करता." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कब से?"

मला एकदम रडूच आलं. गोळ्या वगैरे पुढचं.

अजूनही एखाद्या सकाळी फेस वाळतो. बायको आरशात डोकावते आणि विचारते, "कधीपासून बसले?" तिला हे विचारायला मी शिकवलं. त्या मुलीला शिकवायचं राहिलं, तिचा काका असून.