नऊ नंबरच्या खाटेचं गाणं

माझी मावशी इस्पितळात आया आहे. बत्तीस वर्षं ती परक्यांची अंथरुणं बदलते आहे, आणि तेवढीच वर्षं दर रविवारी चर्चच्या गायनमंडळात मागच्या ओळीत उभी राहते. उभ्या आयुष्यात तिनं एकच गाणं रचलं. घरी पहिल्यांदा म्हणून दाखवलं, तेव्हा माझे डोळे भरून आले.

गाण्यात नऊ नंबरची खाट होती आणि तिच्यावरचा एक म्हातारा, ज्याला भेटायला कुणी यायचं नाही. त्याची कूस बदलायची, पाठ पुसायची, ओठ ओले करायचे, आणि शेवटी, 'तुझ्यापाशी बसले, आता मला कुठे जायचं नाही.' बस्स. येशूचं नाव कुठेच नाही.

तिथेच माशी शिंकली. मीही त्याच गायनमंडळात गाते. आमचे चिटणीस निवृत्त हेडमास्तर. नवं गाणं आलं की हे गृहस्थ लाल पेन्सिल घेऊन त्यात प्रभूचं नाव किती वेळा आलंय ते मोजतात. पाचाच्या खाली असेल तर नापास! जणू देवाची हजेरीच घेताहेत.

"बाई, गाणं चांगलंय, पण हे कुठल्याही दवाखान्यात चालेल. यात आपला देव कुठंय?"

"सर, तिथंच तर आहे," मावशी म्हणाली.

"अहो, पण लोकांना कळायला नको?"

माझं डोकंच फिरलं. बत्तीस वर्षं लोकांचं हगणंमुतणं काढणाऱ्या बाईला हे देव शिकवणार! पण मावशीनं माझा हात दाबला. तो म्हातारा गेला तेव्हा त्याच्यासाठी कुणी काही गायलं नव्हतं. तिला ते गाणं एकदा, फक्त एकदा, चर्चमध्ये व्हायला हवं होतं. म्हणून तिनं कागद सरांच्या हाती ठेवला.

शनिवारी सरावाला कागद परत आला. सरांच्या लाल पेन्सिलीनं प्रभूचं नाव आठ वेळा. त्याला जागा करायला पाठ गेली, ओले ओठ गेले, खाटही गेली.

मावशीनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"सर, नावाला मी कशाला नको म्हणू? ते रोज माझ्या तोंडात असतं. पण तुम्ही त्याला आठदा हाक मारलीत आणि तो पडला होता ती खाटच उचलून बाहेर टाकलीत."

"छपाई झालीय आता," सर म्हणाले.

रविवारी मावशी नेहमीच्या जागी उभी राहिली, तोंड मिटून. लोकांनी सरांचं तोंडभरून कौतुक केलं. आणि कालपासून सरांच्या नावानं खडे फोडणारी मी? मी तिला खेटून उभी होते, आणि आठही वेळा खणखणीत आवाजात गायले.