कौल मोडून ओलांडलेली खाडी

देवीनं नाही म्हटलं असताना तू गेलीस, मग तिनंच वाचवलं असं कोणत्या तोंडानं म्हणतेस? सासरच्या माणसांनी हा प्रश्न मला बरेचदा विचारला आहे. पिंपरीच्या कंपनीत माझ्या शेजारी बसून औषधाच्या बाटल्या तपासणाऱ्या, दिघीच्या एका बाईंनीही तो विचारला, पण त्यांच्या पद्धतीनं. डबा खाताना त्या म्हणाल्या, "मंग खरं सांग गं, देवी कुठं हुती? फुलात का पान्यात?" त्यांना उत्तर म्हणून जे घडलं ते लिहून काढते आहे.

आम्ही चिंचवडला राहायचो. यजमान भोसरीत फिटर होते. दरवर्षी रजा काढून शिमग्याला कोकणात गावी जायचं, हा घरचा नेम. सासरे देवीच्या पालखीचे मानकरी. होळीनंतर पालखी घरोघरी फिरते आणि ती आपल्या घरी येऊन जाईपर्यंत घरातल्या कुणी गावची सीम ओलांडायची नाही, असा तिथला शिरस्ता आहे. त्या वर्षी आमच्या घराची पाळी यायच्या आधीच माझ्या पोटात उजव्या बाजूला दुखू लागलं. काढे झाले, शेक झाला. संध्याकाळपर्यंत ताप चढला आणि पाय सरळ करणं अशक्य झालं. डॉक्टर खाडीपलीकडे होता.

सासऱ्यांनी कौल लावला. देवीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवीकडचं फूल आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. डावीकडचं पडलं. सासरे घरी येऊन शांतपणे म्हणाले की देवी राखणारी आहे, पालखी येईपर्यंत थांबू. ते निर्दय नव्हते, हे नोंदवलं पाहिजे. त्यांचा विश्वास होता. माझाही होता, म्हणून तर अडचण होती. नकार खरोखर तिचाच असेल तर आपण तिच्याविरुद्ध निघालो आहोत, ही भीती पोटातल्या कळेइतकीच खरी होती. तरीही मी भिंतीला धरून उठून बसले.

"कौल तुम्ही मागितलात, मामंजी. मी मागितला नव्हता. मला पलीकडे न्या."

ओसरीवरून एका चुलत दिरानं टोमणा मारला, वहिनी कंपनीत जातात ना, त्यांना देवापेक्षा सुपरवायझर मोठा. यजमानांनी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घोंगडीत गुंडाळून त्यांनी मला उचललं.

गावातला एकही होडीवाला तयार झाला नाही. ओहोटीमुळे पलीकडच्या गावचा एक म्हातारा आमच्या धक्क्याला अडकून पडला होता. त्याला आमच्या कौलाचं बंधन नव्हतं. यजमानांनी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा कौल तुमच्याकडे. भरती लागली की मी घरीच जातोय. बायला घाला होडीत."

चंद्र उगवायला अवकाश होता. खाडीच्या मुखाशी खडकांची रांग आहे आणि तिच्यातून होडी जाईल एवढीच फट. नेमक्या तिथेच लाटेच्या शिंतोड्यानं कंदील विझला. काडेपेटी भिजली होती. म्हाताऱ्यानं वल्हं थांबवलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला. "आता काही दिसत नाही," एवढंच तो म्हणाला. मी आडवी होते. मनात आलं, हाच तो नकार. मी देवीला हात जोडले नाहीत. मनातच तिला म्हटलं, मी परत फिरणार नाही, तुला बुडवायचं असेल तर बुडव.

होडी वाहत जाऊ नये म्हणून म्हाताऱ्यानं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं, आणि पाणी निळं उजळलं. वल्हं उचललं तेव्हा त्याच्यावरून उजेडाचे थेंब गळत होते. पुढे, जिथे लाटा खडकांवर फुटत होत्या, तिथे निळ्या उजेडाची रेघ उमटत होती, विझत होती, पुन्हा उमटत होती. त्या रेघेत एका ठिकाणी खंड होता. तिथे लाट फुटत नव्हती. तीच फट.

"पाणी पेटलंय, बाय," म्हातारा म्हणाला. "खडक दिसतायत."

त्यानं होडी त्या काळोख्या खंडात घातली. मी काठावरून हात खाली सोडला. बोटांभोवती उजेड झाला. दुखणं तसूभरही कमी झालं नाही. भीती मात्र गेली, आणि ती गेल्यावर मी देवीला हात जोडले.

पलीकडच्या दवाखान्यात पहाटे ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेताला आलं होतं. "आणखी उशीर झाला असता तर मी हात लावला नसता," असं डॉक्टर यजमानांना म्हणाले. पुढे आमच्या कंपनीतल्या एका केमिस्टनं मला समजावलं की समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, पाणी ढवळलं की ते उजळतात. मला ते मान्य आहे. त्या रात्री ते तिथे होते, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

सासरे चिंचवडला आले ते निरोप घेऊन. गावकीचं म्हणणं होतं, सुनेनं देवीची माफी मागावी, नाहीतर पालखी आमच्या अंगणात येणार नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. मानकऱ्याच्या दारावरून पालखी पुढे जाणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. मी त्यांना जेवायला वाढलं आणि सांगितलं, "माफी कशाची मागू? मी तिच्याच हवाली झाले होते. तिनं मला पार नेलं. मी जायला नको होतं असं तिच्यासमोर कसं म्हणू?" मग त्यांनी आमटी मागितली.

शरण जाणं म्हणजे मुकाट बसणं, असंच मला लहानपणापासून शिकवलं गेलं. खाडीत मला दुसरं काही कळलं. निघायचं, जमेल तेवढं वल्हवायचं, आणि पुढचं जे आपल्या हातात नाही ते तिच्यावर सोडायचं. तिच्याशी भांडताही येतं. त्यानं ती दूर जात नाही.

पुढच्या शिमग्याला मी गावी गेले. ओटीचं ताट घेऊन अंगणात उभी राहिले. ढोल वाजत आले आणि पालखी दारावरून पुढे गेली. सासरे माझ्या शेजारी उभे होते, खांदेकऱ्यांत नव्हते. मी ताट घेऊन धक्क्यावर गेले. दुपारचं पाणी मातकट होतं, त्यात कसलाही उजेड नव्हता. मी तिथेच देवीची ओटी भरली.