मामांची खाट

माझ्या धाकट्या मामांना कुठेही पोहोचायची घाई कधीच नव्हती. त्यांची सगळी घाई असायची ती निघायची. एकोडीहून साकोलीच्या बाजाराला जायचं तर ते सकाळपासून चपला घालून अंगणात उभे, आणि बाजारात पोहोचल्यावर काय आणायचं ते साफ विसरलेले. माणूस असो, जनावर असो की एस.टी., जागेवरून ते कसं सुटतं यावर मामा त्याची पारख करत. एस.टी.त ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट धरून बसत आणि त्याने क्लच सोडला की एकतर डोळे मिटून दाद देत, नाहीतर पोटात दुखल्यासारखा चेहरा करत. माझ्या ताईला पाहायला आलेला मुलगा पोह्यांची बशी हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिला, तेव्हा मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पण पिकअप नाही गा." ताईचं लग्न त्याच्याशीच झालं आणि सुखाचं झालं. तरी जावई भेटले की मामा त्यांच्याकडे जरा काळजीनेच बघत.

हे वेड पटातलं. आमच्याकडे धान निघून गेलं की शंकरपट भरतो. सरळ लांब मैदान, शेजारी शेजारी दोन बैलजोड्या, झेंडी पडली की समोरच्या रेघेपर्यंत सुसाट. थोरल्या मामांची जोडी आसपासच्या गावांत नावाजलेली, आणि तिचे धुरकरी म्हणजे हाकणारे, आमचे धाकटे मामा. पण एकोणीसशे ऐंशीच्या आसपास एका वर्षी त्यांनी भंगारातून मोटारसायकलचं इंजिन आणलं, त्याला स्कूटरची चार चाकं लावली, आणि बसायला जुन्या खाटेची चौकट सुतळीने विणून वर ठोकली. हँडल होतं, ब्रेक नावापुरता होता. गावाने तिचं नाव 'खाट' ठेवलं. खाट सुरू झाली की कोंबड्या छपरावर चढत आणि धाकटी मामी देवाला दिवा लावी. मामा रोज त्या रिकाम्या मैदानात जाऊन फक्त सुटायचा सराव करत. थोडं जायचं, थांबायचं, खाट ढकलत मागे आणायची, पुन्हा सुटायचं.

आपल्या घरचा धुरकरी बैल सोडून खाटेवर बसला, हे थोरल्या मामांना फार लागलं. त्यांनी धाकट्याशी बोलणं सोडलं. घर एक, चूल एक, ताटंही शेजारी शेजारी. पण शब्द मोठ्या मामीच्या मार्फत जायचा. पुढल्या पटाच्या आधी एका जेवणात ते म्हणाले, "सांग त्याले. बैलासंग धावून दाखव म्हणा. हारला त ते इंजन काढून तलावावर पंपाले लावीन." मोठी मामी वळायच्या आत धाकटे म्हणाले, "वहिनी, आन जिंकलो त दादानं माह्या खाटेवर बसून साकोलीच्या बाजारात या लागन." थोरले मामा म्हणजे पांढरं धोतर, पांढरी टोपी, चारचौघांत मोजकं बोलणं. त्यांनी शांतपणे ताक प्यायलं आणि म्हणाले, "येईन म्हणा."

पटाच्या शेवटच्या दिवशी सगळ्या जोड्या धावून झाल्यावर ही शर्यत लागली. बैल हाकायला थोरले मामा स्वतः जोडीमागच्या लाकडी धुरीवर उभे राहिले. या वयात कशाला, असं मोठी मामी म्हणत होती ते त्यांनी ऐकलं नाही. झेंडी पडली. धाकटे मामा असे सुटले, की खाटेची पुढची दोन्ही चाकं उचलली गेली आणि लोकांनी टोप्या उडवल्या. पण तो आवाज कानाशी फुटताच डावा बैल बुजला, आडवा झाला, गुडघ्यावर आला, आणि थोरले मामा धुरीवरून फेकले गेले.

लोक जोडीकडे धावले. धाकट्या मामांनी मागे वळून पाहिलं. रेघ हाताच्या अंतरावर होती. त्यांनी चालत्या खाटेवरून उडी टाकली आणि उलटे धावत सुटले. खाट आपली एकटीच रेघ ओलांडून पलीकडे धानाच्या तणसाच्या ढिगात जाऊन विझली. मामा भावाजवळ जाऊन बसले. थोरल्यांनी कपाळावरची माती पुसली.

"माह्याकडं काय पाहून राहिला? बैलाकडं पाह्य."

वर्षभरानंतर दादा त्यांच्याशी थेट बोलले ते एवढंच. बैलाचा नुसता गुडघा खरचटला होता. मामा त्याला हळद लावत बसले. तिकडे पंचांत वाद पेटला, की धुरकऱ्याशिवाय पोहोचलेली खाट जिंकली म्हणायची की नाही. मामांनी तिथूनच सांगितलं, "मी हारलो. इंजन काढून घ्या." तेव्हा थोरले मामा लंगडत पंचांपुढे गेले. "खाट पयले आली ना? मंग जिंकली."

बाजाराच्या दिवशी ते खरोखर बसले. एका हाताने टोपी, दुसऱ्या हाताने धाकट्याचा खांदा धरून. साकोलीत लोक दुकानं सोडून बघायला आले. येताना, म्हणे, दादांनीच बोट दाखवून तलावाकडचा लांबचा रस्ता घ्यायला लावला.

पुढे इंजिन पंपाला लागलं ते मामांनी आपणहून लावलं. थोरले मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागे एकदा तलावाच्या पाळीवर आम्ही दोघं बसलो होतो, तेव्हा मामा म्हणाले, "त्या दिवशी येताना दादा मांगं बसून सारखा काहीतरी बोलून राहिला होता गा. साऱ्या रस्त्यानं. इंजनाच्या आवाजात मले एक शब्द नाही आला."

"मग थांबवायची ना खाट."

"थांबवली असती त पुन्हा धक्का माराले दादालेच उतरवा लागलं असतं. मी आपला मान हालवत राहिलो. काय म्हणत असन गा तो?"