गळका नळ जमा

माझे सासरे आनंदराव यांनी आयुष्यात कुणाला फसवलं नाही, आणि कुणी आपल्याला फसवणार नाही असंही कधी मानलं नाही. दूधवाला दूध मोजतो तेव्हा ते मापाकडे बघत नाहीत, त्याच्या अंगठ्याकडे बघतात. कंडक्टरनं तिकीट दिलं की आधी चष्मा चढवून आकडा वाचतात, मगच सीटवर टेकतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यापुढे चहा ठेवला, तर म्हणाले, "साखर दोन चमचे टाकली का अडीच?" मला वाटलं चहा गोड झाला. तसं काही नव्हतं. डबा किती दिवस पुरेल, एवढंच त्यांना बघायचं होतं.

जवाहरनगरच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेला हा माणूस. लेबर म्हणून लागले, स्टोअरकीपर होऊन बाहेर पडले. जुनं जमा केल्याशिवाय नवं द्यायचं नाही, हा त्यांचा तिथला नियम. झाडू पाहिजे तर झिजलेला बुडखा आणा, बल्ब पाहिजे तर गेलेला बल्ब आणा. राहायला क्वार्टर मिळालं तेव्हाही पंखे, नळ, कड्या यांच्या यादीवर सही करून आत गेले, आणि सोडताना त्याच यादीवर बोट ठेवून एकेक वस्तू परत मोजून दिली. ही सवय मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, रिटायर होताना तिथेच ठेवून यायला हवी होती. ते ती घरी घेऊन आले. आमच्याकडे टूथपेस्ट संपली की रिकामी ट्यूब त्यांच्यासमोर धरावी लागते. ते ती दाराच्या फटीत दाबतात आणि हटकून दोन दिवसांची पेस्ट काढून दाखवतात. माझ्या सासूबाई, सुमनबाई, भांड्यांची झिजलेली घासणी हजर करूनच नवी घेतात. मी भांडते, पण ट्यूब आणून दाखवते.

क्वार्टर सुटलं तेव्हा गावी, कोंढ्याला, बांधायला घेतलेलं आमचं घर पायाच्या वर आलेलं नव्हतं. माझा नवरा संघपाल लाखनीत ट्रॅक्टरच्या एजन्सीत कामाला होता, म्हणून हायवेच्या मागच्या गल्लीत जमुनाबाईंच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट पंधरा हजार. मामाजींचा फंड विटा-लोखंडात गेला होता आणि संघपालचा पगार महिना संपायच्या आत संपायचा. तेव्हा ते पंधरा हजार माझ्याकडून गेले. चार वर्षं ब्लाउज शिवून साठवलेले. देताना मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हे परत आले की माझे." सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला काही खर्च येत नाही.

जमुनाबाईसुद्धा काही कमी नव्हत्या. त्यांचा नवरा श्यामलाल तलावावर जाळं टाकायचा आणि त्या बाजारात बसून मासे विकायच्या. त्या पैशातून एकेक भिंत करत त्यांनी या खोल्या उभ्या केल्या होत्या. आमच्या आधीचा भाडेकरू दोन महिन्यांचं भाडं बुडवून पळाला आणि जाताना छताचा पंखा घेऊन गेला. तेव्हापासून त्या भाडं घ्यायला आल्या की आधी वर पंख्याकडे बघायच्या, मग माझ्या तोंडाकडे.

मामाजींनी राहायला जायच्या दिवशी घरभाड्याच्या करारनाम्यावरच चौदा वस्तूंची यादी केली. पंखा एक, आवाज करतो. मोरीतला नळ एक, गळका. स्विचबोर्ड एक, बटन तुटलेलं. दाराची कडी, ढिली. यादी मोठ्यानं वाचून दाखवली आणि जमुनाबाईंची सही मागितली. त्यांनी तो कागद दोन दिवस स्वतःकडे ठेवला, दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला आणि मग सही केली. मला तेव्हाच वाटलं होतं, हे दोघं एकमेकांना बरोबर भेटले.

पुढे पहिल्याच महिन्यात मामाजींनी गळका नळ काढून नवा बसवला. मग कडी बदलली, बटन बदललं, पंख्याचं रेग्युलेटर बदललं. सगळं स्वखर्चानं. काढलेली प्रत्येक वस्तू खताच्या रिकाम्या बोरीत गेली, तीही तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून. एकदा मी ती बोरी भंगारवाल्याला देऊन टाकली, तर मामाजी उन्हात अर्धी लाखनी पायी फिरून ती परत घेऊन आले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोरीचा एवढा सोस का, ते मी विचारलं नाही. तिथेच चुकलं.

तीन वर्षांनी, एप्रिलमध्ये, संघपालची बदली कोंढ्याजवळच्या पवनीला झाली. कोंढ्याच्या घरावर स्लॅब पडला होता. आम्ही सामान टेम्पोत भरून कोंढ्याला पुढे निघालो. "ताबा देऊन येतो," म्हणत मामाजी मागे राहिले आणि संध्याकाळी एक खणखणती पिशवी घेऊन घरी पोचले. मी पदर खोचून भांडी लावत होते. पिशवीकडे लक्ष दिलं नाही.

लाइटचं बिल आलं की आठ दिवसांनी डिपॉझिट न्या, असं जमुनाबाईंनी सांगितलं होतं. मी ते आठ दिवस बोटावर मोजत होते. भंडाऱ्याच्या दुकानात मी पिको-फॉलची मशीन बघून ठेवली होती. दुकानदारानं पंधरा मेपर्यंत जुन्या भावात देतो म्हटलं होतं. जूनमध्ये गावच्या शाळेचे गणवेश शिवायला मिळणार होते. मशीन वेळेवर आली नाही तर ते काम पवनीच्या टेलरकडे जाणार, आणि एकदा गेलेलं काम परत येत नाही.

आणि त्यात मी गवंड्याशी चाललेलं बोलणं ऐकलं. मामाजी अंगणात उभं राहून त्याला सांगत होते, "पैसा येऊन राहिला. तू गेट पाहून ठेव." कुठला पैसा? पेन्शन तर सिमेंटवाल्याच्या उधारीत जात होती. माझ्या मनानं लगेच ठरवलं. माझ्या पंधरा हजारांचं लोखंडी गेट होणार आणि मी रोज त्याला कडी लावणार. त्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा टाकलं.

आठव्या दिवशी जमुनाबाईंचा फोन आला. मी उचलला.

"खुशबू, तुह्या सासऱ्यानं माह्या घरचा नळ काढून नेला! कडी नेली, रेगुलेटर नेलं, आन सडकं सामान लावून ठेवलं. चोर होय तो बुढा. एक पैसा नाई भेटन, सांगून ठेव त्याले!"

मामाजी शेजारीच होते. फोनचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांचा चेहरा उतरला. मी तडक त्यांची ती पिशवी ओतली. त्यात नवा नळ, नवी कडी, रेग्युलेटर, बटन, आणि प्रत्येकाला दुकानाचं बिल टाचलेलं.

"मामाजी, चांगला नळ काढून तुम्ही गळका बसवला?"

"गळकाच इश्यू झालता ना. जो इश्यू झाला तोच जमा होईन."

"अहो, ते फॅक्टरीत! हे लोकांचं घर होय!"

"तिचा जुना नळ पितळेचा होता," ते शांतपणे म्हणाले. "माहा स्टीलचा. उद्या ते म्हणली का माह्या पितळेचा नळ विकून खाल्ला, तं? म्हणून तिचं तिले देलं. यादीवर टिक करून आलो."

मी कपाळावर हात मारला. तीन वर्षं जपलेली बोरी कशासाठी होती, ते आता कळलं. सोडायच्या दिवशी या माणसानं पाना घेऊन एकेक मोडकी वस्तू जागेवर बसवली होती, आणि हे सगळं इमानदारीनं!

"मी येते तुमच्यासोबत," मी म्हटलं. मला पैसे माझ्या डोळ्यांसमोर यायला हवे होते.

"चाल," ते लगेच म्हणाले. साधं नको म्हटलं नाही. जो माणूस मला दळणाला एकटी पाठवताना चार प्रश्न विचारतो, तो एवढ्या लवकर हो म्हणाला, यातच मला खोट दिसली. माझ्याकडून कशावर तरी सही घेणार असतील, असं वाटलं.

सकाळीच निघालो. भंडाऱ्याला बस बदलली. मामाजींनी पिशवी दोन पायांत घट्ट धरली होती आणि मांडीवर घरभाड्याचा तो करारनामा. मी डोकावले की ते कागदाची घडी मिटायचे. लाखनी येईपर्यंत मी तीनदा डोकावले आणि त्यांनी तीनदा घडी मिटली.

जमुनाबाई दारातच बसल्या होत्या. या, बसा काही नाही. श्यामलाल ओट्यावर जाळं विणत होता, त्यानं नुसती मान वर केली. मोरीत गळक्या नळाखाली स्वयंपाकाचा मोठा गंज ठेवलेला होता आणि तो भरून वाहत होता.

"पाहा," जमुनाबाई म्हणाल्या. "काल नवा किरायदार आलता. नळ पाह्यला, कडी हालवून पाह्यली आन निंगून गेला. त्याचं कोण भरून देईन?"

मामाजींनी यादी उघडली. "नळ एक, गळका. खाली सही कोणाची होय?"

"माही होय."

"मंग?"

"मंग काय मंग? तुमी चांगला लावला होता ना? लावलेला काहून काढला?"

"तो माहा होता. बिल आहे."

"बिल दाखवून राहिले मले! भिताडाले लागलं ते घराचं होते. चोर नाई तं काय म्हणू तुमाले?"

मामाजींनी यादी अर्धवट सोडून मिटली. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "बाई, चौतीस वर्षं रोज गेटवर झडती देली म्या," ते म्हणाले. "जेवणाचा डब्बा बी उघडून दाखवला. एक खिळा नाई निंगाला माह्या जवळ. तुमी पंधरा हजार ठेवून घ्या, पण हा शब्द वापस घ्या."

पंधरा हजार ठेवून घ्या! माझे! माझं डोकंच फिरलं. एकीकडे त्यांची दया येत होती आणि दुसरीकडे त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटत होता.

"कोणी काही ठेवून घेणार नाही," मी मध्ये पडले. "काकू, नवा नळ, कडी, रेग्युलेटर, सगळं आम्ही परत बसवून देतो. तुमचं जुनंही तुमच्याकडेच राहील. तुम्ही डिपॉझिट पुरं द्या."

जमुनाबाईंनी डोळे बारीक केले. "फुकट?"

"फुकट."

"काहून?" त्या श्यामलालकडे वळल्या. "पाह्यलं का? फुकट देऊन राहिले. काईतरी आहे यात."

मला हसावं की रडावं कळेना. शेवटी श्यामलालनं जाळं खाली ठेवलं. "आता लावू दे ना त्याइले," तो म्हणाला. "पाणी वाहून राहिलं कवाचं."

मामाजींनी पिशवीतून पाना काढला आणि मोरीत उकिडवे बसले. साठी उलटलेला माणूस, सदऱ्याच्या बाह्या वर सरकवून नळाला सुतळी गुंडाळत होता आणि जमुनाबाई त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होत्या. नळ बसला. जमुनाबाईंनी तो तीनदा उघडला, तीनदा बंद केला, खाली कोरडा हात धरून बघितला. कडी लावून बघितली. पंखा एकपासून पाचपर्यंत फिरवला. मग म्हणाल्या, "नवं सामान वापस मांगनार नाई म्हणून लिहून द्या." मामाजींनी लिहून दिलं. मला वाटतं, आख्ख्या दिवसात त्यांना बरं वाटलं ते तेव्हाच. समोरची बाई कागद मागत होती, म्हणजे तिला व्यवहार कळत होता.

जमुनाबाई आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात नोटा होत्या. "गुस्स्यात म्हणलं गेलं भाऊ," त्या मामाजींकडे न बघता म्हणाल्या. "चोर नोहोत तुमी. घ्या."

मी पुढे सरकले. आता मामाजी नोटा घेणार, खिशात घालणार, आणि बसमध्ये मला गेटचं महत्त्व समजावून सांगणार. भांडायचं कसं ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं.

मामाजींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मले नोका देऊ," ते म्हणाले. "कागद वाचा."

त्यांनी करारनाम्याची घडी उघडून जमुनाबाईंपुढे धरली. त्यांना वाचता येईना, म्हणून कागद माझ्या हातात आला. यादीच्या खाली, दोघांच्या सह्यांच्या वर, तीन वर्षांपूर्वीच्या निळ्या शाईत मामाजींच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'डिपॉझिट रु. १५,००० हे सून सौ. खुशबू हिच्या कमाईचे आहे. परत करताना तिच्याच हातात द्यावे. मला, माझ्या मुलाला किंवा घरातील इतर कोणास देऊ नये.'

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जमुनाबाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं. गवंडी, गेट, बसमधली घडी, त्यांचं ते पटकन 'चाल' म्हणणं, सगळं माझ्याच अंगावर आलं आणि मला माझी फार लाज वाटली. गेटचा पैसा त्यांच्या पेन्शनच्या थकबाकीचा होता, हे तर नंतर कळलं. जमुनाबाईंनी नोटा माझ्या हातात ठेवल्या. मी त्या तशाच पर्समध्ये टाकायला लागले.

"अशी नोको ठेवू," मामाजी म्हणाले. "मोजून घे. मी सोबत आहो म्हणून माह्यावर भरोसा ठेवशीन आन फसशीन."

मी खाली मान घालून नोटा मोजू लागले. भरोसा मी कधी ठेवलाच नव्हता, आणि ते त्यांना ठाऊक होतं.