आजींनी फोडलेली चूल

लढाईच्या त्या वर्षांत सरपण मिळेनासं झालं, तेव्हा वाईजवळच्या आमच्या गावात आम्ही चार-पाच बायका एकट्या म्हाताऱ्यांना कमी लाकडात भागणारी, बंद तोंडाची चूल घालून द्यायला लागलो. भर थंडीत चिखल तुडवून माझ्या टाचा फुटल्या. एकुलता मुलगा पलटणीत असलेल्या एका आजींकडे पंधरवड्यानं गेले, तर त्यांनी चूल फोडून तीन दगडांवर जाळ केलेला.

"आवं आजी, किती राबलो आमी!" मी चिडून म्हणाले.

"लाकडं कमी लागत्यात, खरं हाय. पर पोरी, तुज्या चुलीम्होरं ऊबच लागत न्हाई. मी शेकू कशावर?"

हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं. मला माझाच राग आला. मग घरोघरची जुनी लुगडी मागून आम्ही त्यांना जाड वाकळ शिवून दिली. चूल मात्र त्यांनी पुन्हा घालू दिली नाही.