दामूनानांची फिरती सॉ मिल

शेतावर जाऊन लाकूड चिरून देणाऱ्याला लाकडाचा अनुभव येतो, असा लोकांचा समज आहे. अनुभव माणसांचा येतो. दामूनानांच्या मशीनवर मी चार वर्षं ऑपरेटर आहे. मशीन म्हणजे पिकअपच्या मागे जोडून नेता येणारी सॉ मिल. रुळांवर सरकणारं इंजिन आणि त्यावर फिरणारं लांब, पट्टीसारखं दातेरी पातं. पडलेलं झाड जागेवरच चिरून फळ्या करून द्यायच्या. आम्ही तिघं. मालक नाना सिन्नरकडचे, ओंडके चढवायला पेठचा काशिनाथ, आणि मी सातपूरच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेला, म्हणजे सेफ्टीचे बोर्ड वाचून वाचून बिघडलेला. प्रत्येक कामावरून भुसा आणि एखादा किस्सा घेऊन घरी येतो. भुसा आंघोळीत जातो.

*

पहिल्याच आठवड्यात मी नानांना तीन गॉगल आणायला लावले. नानांनी आणले आणि स्वतःचा कपाळावर चढवला. दिवसभर तिथेच.

"नाना, गॉगल डोळ्यांवर घालतात."

"डोळ्यावर घेतला का मला नीट दिसत नाय."

"मग कपाळावर तरी कशाला?"

"तू सांगितलं म्हणून. मान राखतो ना तुझा."

*

सिन्नरजवळ एका शेतकऱ्याची बाभूळ होती. लाकडात खिळा असला की पात्याचे दात जातात, कधी पातंच तुटतं. म्हणून मी आधी विचारून घेतो. हे गृहस्थ दोन्ही तळवे पुढे करून म्हणाले, "या हातांनी एक खिळा ठोकला नाय."

तिसऱ्याच फळीला ठिणग्या उडाल्या. मशीन थांबवून बघितलं, तर बोटाएवढा जाड खिळा.

"हा कोणी ठोकला?"

"हा आमच्या आजोबांनी. कंदील अडकवायला." पुन्हा तळवे पुढे करून म्हणाले, "मी माझ्या हातांचं सांगितलं होतं."

*

गंगापूर रोडच्या एका फार्महाऊसवर मालक म्हणजे रिटायर्ड साहेब. खुर्ची घेऊन बरोबर पात्याच्या रेषेत बसले. मी सांगितलं, पातं तुटलं तर ह्याच दिशेला येतं.

"आजवर किती वेळा तुटलंय?"

"दोनदा."

"मग आज तुटेलच कशावरून?"

मी इंजिन बंद केलं. साहेबांनी मला आपण तीस वर्षं खातं कसं सांभाळलं ते सांगितलं. पाऊण तास गेला, खुर्ची हलली नाही. शेवटी काशिनाथ त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "साहेब, खुर्चीखाली मुंगळ्यांचं बीळ हाय."

साहेब वीस फूट लांब गेले, खुर्ची तिथेच ठेवून. मी नंतर जाऊन बघितलं. खुर्चीखाली काहीच नव्हतं.

*

पंचवटीत एका गुरुजींच्या आवारात कडुनिंब पडला होता. कापण्याआधी मशीनची पूजा करायची म्हणाले. उत्तम. फक्त इंजिन चालू ठेवा म्हणाले.

"बंद यंत्राची पूजा कशी करणार? त्यात शक्तीच नसते."

मी म्हटलं, निदान उपरणं तरी काढून ठेवा. तर म्हणे, उपरण्याशिवाय पूजा होत नाही. त्यात इंजिनच्या बेल्टवरचा लोखंडी गार्ड नानांनी आदल्याच दिवशी काढलेला. का, तर खडखडतो.

गुरुजी कुंकू लावायला वाकले आणि उपरण्याचं टोक बेल्टने ओढून घेतलं. उपरणं खांद्यावर नुसतं टाकलेलं होतं म्हणून निसटून गेलं. गुरुजी होते तिथेच उभे राहिले, उघडे. मी इंजिन बंद केलं. बेल्टमध्ये चिंध्या होत्या.

गुरुजींनी घशाशी हात लावून बघितला आणि शांतपणे म्हणाले, "यंत्राने वस्त्र स्वीकारलं."

नानांनी त्याच दुपारी गार्ड बसवला. हल्ली तो खडखडत नाही म्हणतात.

*

पेठ रस्त्याला एका वाडीवर आंब्याचं जाड खोड कापत होतो. पात्याशी सालीचा तुकडा अडकला. नियम सरळ आहे. इंजिन बंद करायचं, पातं पूर्ण थांबू द्यायचं, मग काठीने तुकडा काढायचा. "एवढ्याशासाठी कोण बंद करतं," म्हणत नानांनी हात घातला.

मी खोडाच्या पलीकडे होतो. ओरडलो, पण इंजिनच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. काशिनाथने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पातं थांबलं तेव्हा नानांचा अंगठा आणि पात्याचे दात यांच्यात जेमतेम करंगळीएवढी जागा होती. मी खोडावरच बसलो.

काशिनाथने किल्ली काढून घेतली, पळसाखाली जाऊन बसला आणि नागलीची भाकरी-चटणी बांधलेलं फडकं सोडलं.

"किल्ली आण," नाना म्हणाले.

तो जेवत राहिला.

"मशीन माझं हाय. तुला ओंडके चढवायला ठेवलंय, किल्ली सांभाळायला नाय."

तो जेवत राहिला. नाना तणतणत त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "दे इकडं."

काशिनाथने भाकरी खाली ठेवली आणि डावा हात पुढे केला. त्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं आहेत. चार वर्षं आम्ही दोघं तो हात रोज बघत होतो. त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. किल्ली त्या तळव्यावर होती.

"घ्या," तो म्हणाला.

नाना त्या हाताकडे बघत राहिले. किल्ली काही त्यांनी उचलली नाही. त्याच्या शेजारी मांडी घालून बसले.

"चटणी कशाची हाय?" त्यांनी विचारलं.