तळ्याला कसली भरती

समुद्र लांब राहिला म्हणून रडणाऱ्यांतला मी नव्हतो. उलट ठाण्याला राहायला आल्यापासून कोणी विषय काढला की मी छाती पुढे काढून सांगायचो, "आमच्याकडे तलाव आहेत, डोंगर आहे. चौपाटीवरची गर्दी हवीय कोणाला?" दुधाची तहान ताकावर भागवायची आणि वर ताकच कसं पचायला हलकं, हे लोकांना पटवत बसायचं, हा घोडबंदर रोडवरच्या आम्हा समस्त रहिवाशांचा आवडता उद्योग. त्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो.

त्याला कारणही होतं. त्याआधी बारा वर्षं आम्ही डोंबिवलीत तळमजल्यावर काढली होती. तिथे खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगचे सांडपाण्याचे पाइप दिसत. म्हणून आम्ही ती उघडतच नसू. आणि इथे नवव्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीत, येऊरचा अख्खा डोंगर! पहिलं वर्षभर मी सकाळचा चहा बसून प्यायलो नाही, त्या खिडकीशी उभं राहूनच प्यायलो. रविवारी उपवन तलावावर जायचं, कठड्याला टेकून भाजलेलं कणीस खायचं, पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा बघायचा. ते सुख खोटं नव्हतं, हे आधीच सांगतो. पण त्या सुखात मी माझ्या वडिलांना जबरदस्तीने बसवलं, आणि ते मला अजून पचत नाही.

आई गेल्यावर मी बाबांना गावाहून घेऊन आलो. आमचं गाव कोकणात, खाडी समुद्राला मिळते तिथलं. त्या खाडीत बाबांनी तीस वर्षं तर चालवली. तर म्हणजे माणसांना या काठावरून त्या काठाला नेणारी होडी. मीसुद्धा त्याच तरीने शाळेत जायचो. पुढे पूल झाला, तर बंद पडली, पण बाबांच्या डोक्यातलं पाणी काही थांबलं नाही. रोज सकाळी कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हे गणित तोंडपाठ असतं. घड्याळाशिवाय त्यांचं अडत नाही, तिथीशिवाय अडतं.

ठाण्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "इथे खाडी कुठेशी आहे रे?"

"कोलशेतला आहे. पण तिथे काही नाही बाबा. चिखल, कंपन्या आणि वास."

"खाडी म्हटल्यावर चिखल असणारच. मला पाणी चढताना बघायचंय फक्त. एकदा."

"नेतो की," मी म्हणालो.

कोलशेत आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. एवढं जवळ असलं की माणूस जातच नाही. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. मी एवढा डोंगर आणून ठेवलाय यांच्यासमोर, आणि हे चिखल मागतायत! मग मी त्यांना उपवनला नेलं. पुढच्या रविवारी पुन्हा नेलं. कणीस दिलं, बाकावर बसवलं, "कसं शांत वाटतं की नाही?" असं दहादा विचारलं. ते बराच वेळ पाण्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "आज पंचमी. पावणेचारला भरली असेल. आता उतरायला लागली."

मी मोठ्याने हसलो. "बाबा, तळ्याला कसली भरती!"

बायको हसली, मुलगी हसली. शेजारच्या बाकावरचे आजोबासुद्धा हसले. बाबाही हसले थोडेसे. मग तो आमच्या घरचा विनोदच होऊन बसला. कोणी तयार व्हायला वेळ लावला की मुलगी म्हणायची, "थांबा, अजून भरती आली नाही." पाहुण्यांना मी तो किस्सा बाबांच्या समोर सांगायचो, आणि दरवेळी थोडं तिखटमीठ वाढवायचो.

खाडीचं त्यांनी नंतरही विचारलं. मी आधी म्हणालो पाऊस संपू दे, मग म्हणालो मुलीची दहावी होऊ दे, मग नुसतं म्हणालो, "या रविवारी नक्की." अडीच वर्षांत त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, रुळले. सकाळी खिडकीशी मी विचारायचो, "दिसतोय ना डोंगर?" ते म्हणायचे, "दिसतो तर." मला आणखी काय हवं होतं?

एक बदल तेवढा झाला होता. कॅलेंडर ते स्वतः बघेनासे झाले. "आज तिथी कोणती रे?" असं मलाच विचारायचे. ऑफिसला निघायच्या घाईत मी बुटाची नाडी बांधता बांधता काहीतरी सांगून टाकायचो. एकदोनदा तर न बघताच सांगितली.

मग समोर टॉवर उठला. आमच्या आणि डोंगराच्या बरोबर मधे. आधी पायथा गेला, मग झाडं गेली, मग एका हिवाळ्यात वरची कडही गेली. सोसायटीच्या ग्रुपवर मी रोज उठून तणतणायचो, जणू डोंगर माझ्या वडिलोपार्जित मालकीचा होता. सहा मजले झाले, बारा झाले, आणि अख्ख्या इमारतीला बांधकामाची हिरवी जाळी लागली. एप्रिलच्या एका सकाळी मी त्या जाळीकडे बघत शिव्या घालत होतो. बाबा शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय झकास दिसतोय आज डोंगर. हिरवागार."

आधी मला वाटलं, टोमणा मारतायत. मग वाटलं, एप्रिलमध्ये तर येऊर करपून तपकिरी होतो, हिरवा कुठून असणार? मी विचारलं, "बाबा, कुठे दिसतोय? दाखवा बरं."

त्यांनी बोट जाळीकडे केलं.

टेबलावरून पडलेले पाण्याचे पेले आठवले. तलावावर कठडा चाचपत चालणारा त्यांचा हात आठवला. रोज विचारलेली तिथी आठवली. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू होता. कडेकडेने नजर खात आता मधोमध पोचला होता. "उरलीय ती टिकवायचा प्रयत्न करू. गेलेली परत येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "एकाच घरात राहता ना? लक्षात नाही आलं?"

बाहेर आल्यावर मी बाबांवरच ओरडलो. "सांगायचं नाही का? रोज 'दिसतो, दिसतो' कशाला म्हणत होता?"

"तुला किती हौस त्या डोंगराची," ते म्हणाले. "नाही दिसत म्हटलं असतं तर हिरमुसला असतास."

मग मला कोलशेत आठवलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते याला. पुढच्या शनिवारी अष्टमी होती. गणित त्यांनीच केलं, आणि किती दिवसांनी त्यांचा आवाज तरीवरच्यासारखा खणखणीत निघाला. "सहा. आणि समुद्रापासून एवढं आत यायला पाण्याला अजून पाऊण तास धर. साडेपाचला पोचलो की चढतं पाणी मिळेल. दिसलं नाही तरी कळेल मला. भरती लागली की खाडीचा आवाज बदलतो."

चार वाजता ते कडक पांढरा शर्ट घालून दाराशी खुर्चीत बसले. मला ऑफिसचा फोन आला. शनिवारी! मी पाच मिनिटं म्हणालो आणि पावणेसहापर्यंत बोलत राहिलो. त्या फोनवर काय ठरलं ते आज मला आठवतसुद्धा नाही. मग गाडी काढली आणि घोडबंदर रोडवर अडकलो. पुढे ट्रक, मागे बस. बाबांनी तीनदा विचारलं, "किती वाजले?" चौथ्यांदा विचारलं नाही.

पोचलो तेव्हा साडेसात होत आले होते. धक्क्यावरच्या दिव्याखाली दोघंजण गळ टाकून बसले होते. बाबांचा हात माझ्या खांद्यावर. मी समोर बघितलं. पाणी होतं. करडं, रुंद, भरपूर. ते येत होतं की जात होतं, मला काही कळेना.

"भरती आहे बाबा," मी म्हणालो. "चांगलं चढलंय."

त्यांनी मान जरा वाकडी करून ऐकलं. मग नाकाने श्वास घेतला. "ओल्या चिखलाचा वास येतोय. समोर खांब आहे काय एखादा? त्याच्यावर ओली रेघ कुठवर आहे बघ. पाण्याला लागून, का वर?"

खांब होता. रेघ पाण्याच्या वीतभर वर होती. मी सांगितलं.

"म्हणजे वीतभर उतरलं. ओहोटी आहे ही." ते म्हणाले. "दहा वर्षं माझ्या तरीत बसून शाळेला गेलास. एवढंसुद्धा बघितलं नाहीस तू?"

मी म्हणालो, "उद्या येऊ. उद्या लवकर निघू." ते म्हणाले, "चल घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिथी विचारली नाही. मी वाट बघितली. शेवटी मीच कॅलेंडरापाशी गेलो, नीट बघितलं आणि मोठ्याने म्हणालो, "बाबा, आज नवमी. नवाचे पाऊणपट पावणेसात, बरोबर ना? भरती पावणेसातला."

ते खिडकीशी होते, हिरव्या जाळीकडे तोंड करून. वळले नाहीत. आवाजात रागाचा लवलेशही नव्हता.

"काहीतरीच काय रे," ते म्हणाले. "तळ्याला कसली भरती?"